तेच घर, पुन्हा पुन्हा: नागपुरात कुटुंबांचा पॅनेल सर्व्हे कसा उभारावा

पहिल्या वर्षी तांडापेठेतल्या त्या घराला एकच दार होतं. दुसऱ्या वर्षी गेलो तर दोन. मधल्या खोलीत नवी भिंत उठलेली, तिला अजून प्लास्टरही नव्हतं, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना एकेक शेगडी. माझ्या हातातल्या फॉर्मवर मात्र ‘कुटुंब क्र. 47’ एवढंच. थोरल्याकडे बसून लिहायला लागलो तर धाकटा दारात येऊन म्हणाला, ‘आमचं नाही लिहून राहिले का जी?’

लिहिलं, त्याचंही लिहिलं. दोन्ही फॉर्मांवर 47च टाकलं, कारण दुसरा आकडाच आमच्याकडे नव्हता. संगणकात दोन्ही नोंदी एकमेकींवर चढल्या आणि त्या वर्षी 47 नंबरच्या कुटुंबाचं उत्पन्न एकाएकी दुप्पट झालेलं दिसलं. ज्या घरात वाटणी झाली होती ते घर आमच्या तक्त्यात भरभराटीला आलेलं! ही चूक कळायला आम्हाला चार महिने लागले.

समाजकार्य, समाजशास्त्र किंवा गृहविज्ञानाचे विद्यार्थी, वस्त्यांत काम करणाऱ्या छोट्या संस्था, यांना ‘नागपुरातली कुटुंबं कशी बदलत आहेत’ याचा अभ्यास करायचा असतो. एकदाच फॉर्म भरून तो होत नाही. त्याच माणसांकडे काही वर्षं परत परत जावं लागतं. अशा सर्व्हेला पॅनेल म्हणतात आणि त्याच्या प्रत्येक खेपेला फेरी. तीन सर्वेक्षक, तीनशे घरं आणि पाच-सहा वर्षांची चिकाटी एवढ्यावर हे काम कसं उभं राहतं, ते पुढे क्रमाने लिहितो.

एकदा मोजणं आणि परत मोजणं

समजा, पहिल्या फेरीत 300 पैकी 120 कुटुंबं एकत्र आहेत. तीन वर्षांनी 118. ज्याने दोन वेळा वेगवेगळी घरं मोजली तो म्हणेल, काहीच बदललं नाही. तीच घरं पुन्हा मोजणाऱ्याला वेगळं दिसू शकतं: 120 पैकी 30 घरं फुटली आणि उरलेल्या 180 पैकी 28 घरं नव्याने एकत्र झाली. कुठे काटोलहून म्हातारे आईवडील मुलाकडे राहायला आले, कुठे नवरा गेल्यावर मुलगी लेकरांसह माहेरी परतली. बेरीज 118च. पण 58 घरांत उलथापालथ झाली आणि एकदाच मोजणाऱ्याला तिचा पत्ताही लागला नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण देशभर होतं, पण दर वेळी नवी घरं निवडतं. 2015-16 ची घरं वेगळी, 2019-21 ची वेगळी. समाज कुठे चालला आहे हे त्यातून कळतं. एखादं घर कुठे चाललं आहे ते कळत नाही. त्यासाठी पॅनेलच लागतं.

जगातलं सर्वांत जुनं चालू कौटुंबिक पॅनेल अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचं. 1968 मध्ये सुमारे 4,800 कुटुंबांपासून सुरू झालं. त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं की मुलं घर सोडून गेली की ती आपलं स्वतंत्र कुटुंब म्हणून पॅनेलात राहतील. त्यामुळे आज त्यांच्याकडे मूळ कुटुंबांच्या नातवंडांच्या नोंदी आहेत. याच अभ्यासातून एक मोठी समजूत मोडली. गरीब म्हणजे वर्षानुवर्षं तीच माणसं, असं मानलं जायचं. प्रत्यक्षात बरीच कुटुंबं गरिबीत येतात आणि बाहेर पडतात, आणि ही ये-जा पुष्कळदा लग्न, घटस्फोट, मूल होणं, कमावत्याची नोकरी जाणं अशा घरातल्याच घडामोडींशी बांधलेली असते, असं दिसलं.

जर्मनीचं मोठं पॅनेल 1984 मध्ये पश्चिमेकडे सुरू झालं आणि एकीकरणाच्या आधीच, जून 1990 मध्ये, पूर्व जर्मनीत पोचलं. वेळ साधणं यालाच म्हणतात. त्याच आकडेवारीवर 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की लग्नाच्या आसपास माणसं थोडी अधिक समाधानी होतात आणि मग सरासरीने आपल्या आधीच्या पातळीवर परत येतात. विवाहित आणि अविवाहित यांची एकदाच तुलना केली असती तर ‘लग्नाने सुख मिळतं’ एवढाच निष्कर्ष निघाला असता. पॅनेलमध्ये माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्याच कालच्या उत्तराशी करता येते.

आपल्याकडेही हे नवं नाही, आणि वैदर्भीयांनी तर हे मुद्दाम लक्षात ठेवावं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने 1975 मध्ये सहा गावांत घराघरांचा अभ्यास सुरू केला. त्यातली दोन गावं अकोला जिल्ह्यातली होती, कान्झरा आणि किनखेडा. प्रत्येक गावातून 40 कुटुंबं: भूमिहीन, लहान, मध्यम आणि मोठे शेतकरी, प्रत्येकी दहा. सर्वेक्षक गावातच मुक्काम करून राहायचा. जो माणूस गावातल्या तेरवीला जेवला आहे त्याला वाटणीची बातमी विचारावी लागत नाही, ती आपसूक कानावर येते.

पूर्ण देशाचं उदाहरण हवं असेल तर भारत मानव विकास सर्वेक्षण. 2004-05 मध्ये 41,554 कुटुंबं, 2011-12 मध्ये त्यांतल्या सुमारे 83 टक्के कुटुंबांना पुन्हा गाठलं, आणि अलीकडे तिसरी फेरीही झाली. पहिल्या दोन फेऱ्यांची आकडेवारी अभ्यासकांना मोफत मिळते. खिशात पैसे नसतील तर नवा सर्व्हे काढण्याआधी ती उतरवून घ्या आणि सहा महिने तिच्याशी झटा. आपला प्रश्न तिच्यातच सुटला तर तीनशे घरांचे उंबरे झिजवायची गरजच नाही.

पायरी पहिली: बदलणारा प्रश्न निवडा

‘नागपुरातल्या कुटुंबव्यवस्थेचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे, प्रबंधाचं मुखपृष्ठ आहे. पॅनेलला असा प्रश्न लागतो ज्याचं उत्तर एकाच घरात बदलू शकतं. मुलगा नोकरीला पुण्याला गेल्यावर मागे राहिलेल्या आईवडिलांची देखभाल कोणाकडे येते? सून मिहानमध्ये किंवा बुटीबोरीला कामाला जायला लागली की घरातले निर्णय कोण घेतं? वडील वारल्यावर भाऊ किती दिवस एकत्र राहतात?

त्यातला एकच घ्या. मग ठरवा की हे किती वेगाने बदलतं. वाटणी, लग्न, बाळंतपण यांना वर्षाची फेरी पुरते. रोजगार महिन्याला बदलतो, त्याला ती पुरत नाही. सरकारचं श्रमबल सर्वेक्षण जानेवारी 2025 पासून एकाच घराला लागोपाठ चार महिने भेट देतं ते त्यामुळेच. ‘दर तीन महिन्यांनी जाऊ’ असा उत्साह पहिल्या वर्षी प्रत्येकाला येतो. तिसऱ्या खेपेला दारातली बाई तुम्हाला पाहून आत हाक मारते, ‘सांग त्याईले, घरी कोणी नाही म्हणून.’

पायरी दुसरी: कुटुंब कोणतं आणि कोणाच्या मागे जायचं

सगळ्यात जास्त डोकं इथे खर्च करा. माझी 47 नंबरची चूक इथलीच.

सरकारी सर्वेक्षणांची व्याख्या चुलीवर उभी आहे: एकत्र राहणारी आणि एका चुलीवरचं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. व्याख्या चांगली आहे, तीच घ्या. पण नागपुरात ती किती ठिकाणी अडते ते आधी बघून ठेवा. महालातल्या वाड्यात रेशनकार्ड एक, विजेचं मीटर एक आणि चुली तीन. म्हाताऱ्या आईचा सकाळचा चहा एका मुलाकडे आणि रात्रीचं जेवण दुसऱ्याकडे. ती कोणत्या कुटुंबात? मुलगा हिंजवडीत राहतो, पण घराचा हप्ता तो भरतो आणि बहिणीचं लग्न त्याच्याशिवाय ठरत नाही; तो बाहेरचा कसा?

भाद्रपदात ज्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात त्या घरांत मी एक जास्तीचा प्रश्न विचारत असे: महालक्ष्म्या कोणाकडे? चुली वेगळ्या होऊन दहा वर्षं झालेली असतात, पण त्या थोरल्याकडेच बसतात. धाकटी जाऊ आदल्या दिवशीच येऊन पुरणाच्या तयारीला लागते. ज्या वर्षी धाकट्याने आपल्या वेगळ्या बसवल्या, त्या वर्षी ते घर खरं फुटलं असं समजावं. अर्थात हा प्रश्न सगळ्यांना चालत नाही. इंदोऱ्यातल्या बौद्ध घरात, मोमिनपुऱ्यात किंवा जरीपटक्यातल्या सिंधी घरात दुसरं काहीतरी शोधावं लागेल, आणि जो प्रश्न सगळ्यांना विचारता येत नाही त्यावरून सगळ्यांची तुलना करता येत नाही. म्हणून तक्त्यासाठी चूलच. महालक्ष्म्यांची गोष्ट शेऱ्याच्या रकान्यात.

आता मागे कोणाच्या जायचं? दोन मार्ग आहेत. एक मिशिगनचा: घरातला प्रत्येकजण पॅनेलचा. तो वेगळा झाला की त्याचं नवं घरही आपलं. यात घरं वाढत जातात आणि खर्चही. दुसरा मार्ग जर्मनीत 2008 मध्ये सुरू झालेल्या ‘पेअरफाम’ या कुटुंब पॅनेलचा. त्यांनी 1971-73, 1981-83 आणि 1991-93 मध्ये जन्मलेली सुमारे 12,000 माणसं निवडली. ती मुख्य माणसं. दर वर्षी त्यांना भेटायचं आणि त्यांच्या परवानगीने त्यांचा जोडीदार, आईवडील आणि वयात बसणारी मुलं यांनाही वेगळे प्रश्न द्यायचे. त्यामुळे एकाच नात्याची दोन टोकांची उत्तरं शेजारी ठेवता येतात.

छोट्या गटाने दुसरा मार्ग धरावा. घर फुटेल, भाड्याची खोली सुटेल, पण मुख्य माणूस एकच राहतो आणि त्याच्या मागे जाता येतं. घर या शब्दाचा अर्थ बदलतो, माणसाचा बदलत नाही.

पायरी तिसरी: घरं निवडणं

नागपूर महापालिकेचे 38 प्रभाग आहेत. त्यांच्या चिठ्ठ्या टाकून बारा उचला. ओळखीचे नगरसेवक आहेत म्हणून प्रभाग घेऊ नका. प्रत्येक प्रभागात एक वस्ती, तीही चिठ्ठीनेच. मतदारयादीवर विसंबू नका: मानेवाडा, हुडकेश्वर भागातले नवे लेआऊट दर पावसाळ्यानंतर लांबतात आणि यादी मागे राहते. स्वतः गल्लीचा नकाशा काढा, शंभर दारांची यादी करा, चिठ्ठीने एकापासून चारपर्यंतचा एक आकडा काढा, तिथून प्रत्येक चौथं दार. पंचवीस गुणिले बारा, तीनशे घरं.

घरातला मुख्य माणूसही चिठ्ठीनेच निवडायचा. सोपी रीत म्हणजे ठरवलेल्या वयोगटातला ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार तो. असं न केलं तर दुपारी घरी सापडणाऱ्या सासवा आणि सेवानिवृत्त काकाजीच तुमच्या पॅनेलात भरतील.

तीनशे का? कारण गळती. दर फेरीला 90 टक्के लोक टिकले तर पाच परतफेऱ्यांनंतर 177 उरतात. 95 टक्के टिकले तर 232. फेरीगणिक पाच टक्क्यांचा फरक, पण शेवटी 55 माणसांचा. आणि ही माणसं सगळ्या प्रकारच्या घरांतून सारखी जात नाहीत. भाडेकरू जातात, नवविवाहित जातात, भांडण झालेली घरं जातात. म्हणजे ज्यांच्या आयुष्यात बदल झाला तेच आधी निसटतात आणि तुमच्या यादीत स्थिरस्थावर मंडळी राहतात. मग निष्कर्ष निघतो की नागपुरातली कुटुंबं फार स्थिर आहेत!

पायरी चौथी: नंबर आणि पत्त्याचा कागद

प्रत्येक माणसाला एक कायमचा नंबर द्या. तो घराला नव्हे, माणसाला. लग्नाने आडनाव बदलेल, घर बदलेल, नंबर बदलायचा नाही, आणि माणूस वारला तरी तो नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही. प्रत्येक फेरीत घराला वेगळा नंबर द्या आणि कोणता माणूस कोणत्या फेरीत कोणत्या घरात होता याचा एक स्वतंत्र तक्ता ठेवा. तांडापेठेतले दोघे भाऊ असे लिहिले असते तर भिंत कागदावरही दिसली असती.

पत्त्याचा कागद प्रश्नावलीपासून वेगळा, वेगळ्या कुलपात. त्यावर काय असावं? घराच्या खुणा लिहा, कारण लेआऊटमध्ये ‘प्लॉट नंबर 22’ एकाच भागात चार सापडतात. दोन मोबाइल नंबर, त्यांतला एक बाईचा. पोरं सिमकार्डं बदलतात, घरची बाई सहसा बदलत नाही, कारण तिच्या माहेरच्यांकडे तोच नंबर असतो. आणि या घरातल्या नसलेल्या दोन माणसांची नावं: ‘तुम्ही घर बदललं तर आम्हाला कोण सांगेल?’ बहुतेकजण मामाचं किंवा किराणा दुकानदाराचं नाव देतात. दुकानदार जास्त भरवशाचा. उधारीची वही त्याच्याकडे असते, त्यामुळे कोण कुठे गेलं याची त्याला आपल्यापेक्षा जास्त फिकीर.

पायरी पाचवी: प्रश्न लिहिणं

प्रश्नाची भाषा एकदा ठरली की सगळ्या फेऱ्यांत तीच. पहिल्या वर्षी ‘घरातले मोठे निर्णय कोण घेतं?’ विचारलं आणि दुसऱ्या वर्षी ‘पैशाचे निर्णय कोण घेतं?’ विचारलं, तर उत्तरात दिसणारा बदल घरातला आहे की तुमच्या पेनातला, ते कधीच कळणार नाही. म्हणून पहिल्या फेरीआधी निदान वीस घरांत प्रश्न घासून बघा. ती वीस घरं पॅनेलातली नकोत.

नात्यांबद्दल ‘तुमचे संबंध कसे आहेत?’ असं विचारलं की ‘चांगले’ हेच उत्तर येतं. सासू शेजारी बसलेली असते. कृतीबद्दल विचारा. भारत मानव विकास सर्वेक्षणात एक साधा प्रश्न आहे: घरात मुख्य जेवणाच्या वेळी बायका पुरुषांबरोबर जेवतात, आधी जेवतात, की पुरुषांनंतर? या प्रश्नाला कोणी लाजत नाही, कोणी चिडत नाही, आणि घरातल्या उतरंडीबद्दल तो बराच काही सांगून जातो. त्याच सर्वेक्षणात मारहाणीबद्दल थेट ‘तुम्हाला’ न विचारता ‘तुमच्या समाजात अमुक कारणावरून नवऱ्याने मारणं सर्रास आहे का?’ असं विचारलं आहे. थेट प्रश्न विचारायचाच असेल तर घरातल्या एकाच बाईला, पूर्ण एकांतात. एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून द्यायचा. सोबत 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर सहज पर्समध्ये लपेल अशा चिठ्ठीवर द्यावा, त्यावर सर्व्हेचं नाव नको.

तारखा लोकांना आठवत नाहीत, घटना आठवतात. म्हणून एक उभा-आडवा कालतक्ता घ्या: आडवी वर्षं, उभ्या रांगा राहणं, काम, लग्न, मुलं यांच्या. वरच्या रांगेत सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी आधीच छापा. नोव्हेंबर 2016 ची नोटबंदी. मार्च 2019, मेट्रो सुरू झाली. 2020 चं लॉकडाऊन. 23 सप्टेंबर 2023, अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीच्या काठी घराघरांत पाणी शिरलं तो दिवस. ‘धाकटा वेगळा निघाला तो पुराच्या आधी की नंतर?’ असं विचारलं की बाई बोटं मोजत नाही. म्हणते, ‘नंतर जी. पाणी शिरलं तेव्हा त्याचीच गादी भिजली होती ना.’

पायरी सहावी: पहिली भेट

मे महिन्यात जाऊ नका. पंचेचाळीस अंशांत दार वाजवणाऱ्याला कोणी आत घेत नाही आणि घेतलंच तर लग्नसराईच्या याद्या चालू असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर हा नागपूरचा खरा सर्व्हेचा मोसम. फक्त बाहेरगावी गेलेल्यांना दिवाळीच्या चार दिवसांत घरी गाठायचं, त्यासाठी एक माणूस दिवाळीत मोकळा ठेवा. त्याला फराळ भरपूर मिळतो, तक्रार करू देऊ नका.

संमतीपत्र मराठीत वाचून दाखवा, हिंदी बोलणाऱ्यांना हिंदीत. त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: आम्ही दर वर्षी येणार, किती वर्षं येणार, तुम्ही केव्हाही नाही म्हणू शकता, आणि तुमचं उत्तर घरातल्या दुसऱ्या कोणालाही कळणार नाही. लोक शेवटचं वाक्य ऐकतात आणि मग त्याची परीक्षा घेतात. सुनेची मुलाखत आटोपून बाहेर आलो की सासू हमखास विचारते, ‘काय म्हणत होती जी?’ मी म्हणायचो, ‘मावशी, तुम्ही सांगितलेलं मी तिला सांगितलं का?’ त्यानंतर बहुतेक घरांत तो विषय निघाला नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा आता आहेच, शिवाय महाविद्यालयाच्या नीतिसमितीची मंजुरी फेरी सुरू होण्याआधी घ्या.

मुलाखत पन्नास मिनिटांच्या आत. पहिल्या वर्षी सगळं विचारून घ्यायचा मोह होतो. पण दीड तास खाल्लेला सर्वेक्षक पुढच्या वर्षी दारातूनच परत जातो.

पायरी सातवी: मधले अकरा महिने

पुढची फेरी वाचते ती इथे. भेट म्हणून आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर द्यायचो, तारखेच्या चौकटी मोठ्या आणि खाली आमचा फोन नंबर. ते स्वयंपाकघरात लागायचं. त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडर लागल्याची तारीख, भिशीचा हप्ता, मुलीच्या माहेरपणाचे दिवस, सगळं बायकांच्या हाताने लिहिलेलं. दुसऱ्या वर्षी मुलाखतीला बसताना मी म्हणायचो, ‘ताई, जुनं कॅलेंडर आहे का?’ खिळ्यावर नव्याच्या मागे ते असायचंच. सिलिंडर आधी महिन्याला एक लागत होता, ऑगस्टपासून दीड महिना पुरायला लागला. ऑगस्टमध्ये काय झालं? मोठा मुलगा बायकोला घेऊन वाडीला राहायला गेला. स्मरणशक्तीला एवढी मदत दुसऱ्या कशाने झाली नाही.

वर्षातून दोनदा फोन करा, एकदा दिवाळीत, एकदा जूनमध्ये शाळा उघडताना, कारण घरं बदलतात ती बहुधा शाळा पाहून. फोनवर प्रश्नावली काढू नका. दोन वाक्यं बोला, नवा पत्ता लिहा. आणि एका वस्तीला शक्यतो एकच सर्वेक्षक ठेवा. माणूस बदलला की ओळख पहिल्यापासून करावी लागते.

पायरी आठवी: दुसरी फेरी

कोऱ्या फॉर्मने जायचं नाही. मोबाइलवर प्रश्नावली भरण्यासाठी कोबो टूलबॉक्ससारखं मोफत साधन आहे. त्यात गेल्या वर्षीची उत्तरं आधीच भरून नेता येतात. ‘गेल्या वर्षी तुमच्याकडे सहाजण होते, अजून सहाजणच का?’ असं विचारलं की बदल पटकन निघतो. नाहीतर होतं असं की वर्षभरातले सगळे बदल दोन फेऱ्यांच्या सांध्यावर येऊन साचतात, जणू सगळ्यांनी नोकऱ्या आणि घरं मागच्या मुलाखतीच्या दुसऱ्याच दिवशी बदलली. पण मनातल्या गोष्टी, समाधान, भांडणं, निर्णय कोणाचा, यांची जुनी उत्तरं दाखवायची नाहीत. दाखवली तर माणूस तेच पुन्हा सांगतो.

आणखी एक गोम. लोक शिकतात. ‘घरात कोणी आजारी होतं का?’ याला होय म्हटलं की पुढे आठ प्रश्न येतात हे पहिल्या वर्षी कळतं. दुसऱ्या वर्षी सगळं घर ठणठणीत! म्हणून आधी सगळे होय-नाहीचे प्रश्न संपवा, मग होय आलेल्यांचे तपशील विचारा.

घर बंद असलं तर वेगवेगळ्या वेळी निदान पाच खेपा, त्यांतली एक रविवारी सकाळी. नकार मिळाला तर वाद घालू नका, आणि ते घर यादीतून पुसूही नका: ‘या फेरीत नाही’ एवढंच लिहा. पुढच्या वर्षी बरीच माणसं परत येतात. नकाराच्या वेळी घरात आजारपण किंवा दुखवटा असतो, तो कायमचा नसतो. हरवलेल्यांच्या जागी शेजारचं घर घेणं मात्र साफ चूक. नवी घरं घ्यायचीच असतील तर पुन्हा यादी, पुन्हा चिठ्ठी, आणि त्यांचा वेगळा संच.

पायरी नववी: तक्ता

पहिला तक्ता चार चौकटींचा करा. उभं पहिल्या फेरीत एकत्र की वेगळे, आडवं दुसऱ्या फेरीत एकत्र की वेगळे. वर दिलेलं 120, 30 आणि 28 चं गणित त्यातच दिसतं. शेजारी तिसरा रकाना ठेवा: सापडले नाहीत. तो लपवू नका. सापडले नाहीत त्यांची पहिल्या फेरीतली उत्तरं सापडलेल्यांशी ताडून बघा. भाडेकरू जास्त निघाले तर उरलेल्या भाडेकरूंची उत्तरं मोजताना त्यांना इतकं जास्त वजन द्या, की भाडेकरूंचा वाटा पुन्हा मूळ प्रमाणाएवढा होईल.

मग एकेका माणसाची स्वतःशी तुलना. कामाला लागायच्या आधी त्या सुनेने काय सांगितलं आणि लागल्यावर काय सांगितलं? तिच्या माहेरची सुबत्ता, शिक्षण, जात, स्वभाव दोन्ही वर्षी तेच होतं, त्यामुळे उत्तरातला फरक त्यांच्या खात्यावर टाकता येत नाही. पण घाईही नको. तिला नोकरी लागली त्याच वर्षी सासरे वारले असतील तर निर्णय तिच्या हातात पगाराने आले की जागा रिकामी झाली म्हणून, हे दोन फेऱ्यांत कळणं कठीण. तिसरी फेरी लागते, कधीकधी चौथीही.

शेवटी डेटा दुसऱ्यांना देताना नावं काढली म्हणजे झालं असं समजू नका. तीनशे घरांत ‘तांडापेठ, विधवा, वय 52, सावजी भोजनालय, दोन मुलं वेगळी’ एवढ्यावर अर्धी गल्ली तिला ओळखेल. वस्तीचं नाव काढून फक्त शहराचा भाग ठेवा, वयाऐवजी पाच वर्षांचा गट, भोजनालयाऐवजी ‘स्वतःचा व्यवसाय’. आणि शेऱ्याचा रकाना, ज्यात महालक्ष्म्या, भिजलेली गादी आणि मधली भिंत लिहिलेली असते, तो बाहेर द्यायचाच नाही. तो पत्त्यांच्या कागदांबरोबर त्याच कुलपात.